जुन्या डिझेल गाडीचा रोटरी पंप: सकाळी सुरू न होण्याचे दुखणे आणि पंप उतरवण्याआधीच्या तपासण्या

लक्षणे

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी लांबलचक सेल मारल्याशिवाय सुरू होत नाही. सुरू झाली की मिनिटभर अडखळते, मागून पांढरा धूर सोडते, रेस आपोआप वर-खाली होते आणि मग दिवसभर ती काहीच घडले नसल्यासारखी चालते. दुपारी तासभर बंद ठेवली तर लगेच पकडते, मात्र दोन दिवस जागेवर उभी राहिली की तोच त्रास दुप्पट होऊन परत येतो. पहिल्या पिढीची टाटा इंडिका, मारुतीची झेन डिझेल आणि त्या काळातील यांत्रिक रोटरी पंपाच्या (इंजिनाला दाबाने डिझेल पुरवणाऱ्या फिरत्या पंपाच्या) इतर गाड्या माझ्याकडे ज्या तक्रारी घेऊन येतात त्यांत ही सर्वांत जुनी आणि सर्वांत जास्त वेळा येणारी तक्रार आहे. गाडी आणणाऱ्याला बहुधा आधीच कोणीतरी सांगितलेले असते की पंप गेला. तपासल्यावर बहुतेक वेळा पंप शाबूत निघतो आणि दोष त्याच्या आधीच्या नळीत, फिल्टरमध्ये किंवा एखाद्या रबरी रिंगेत सापडतो. म्हणून पंपाला पाना लावण्याचे काम या लेखात शेवटी येते.

याच्यासारखीच दिसणारी पण कारण वेगळे असलेली काही लक्षणे सुरुवातीलाच बाजूला काढावीत. थंड इंजिन चटकन सुरू होते आणि गरम झाल्यावर बंद केले की पुन्हा पकडत नाही, तर संशय पंपाच्या हेडवर (नोझलांकडे जाणाऱ्या नळ्या जेथून निघतात तो भाग) आणि त्यातल्या प्लंजरवर (डिझेल दाबणारा दांडा) जातो. गरम डिझेल पातळ होते आणि झिजलेल्या प्लंजरच्या कडेने निसटते, त्यामुळे सेलच्या कमी वेगात डिझेल फवारणारा नोझल उघडण्याइतका दाब तयारच होत नाही. सेल मारताना इंजिन अजिबात पकडत नाही आणि किल्ली सोडताक्षणी एकदम पकडते, तर बहुधा किल्लीच्या स्विचमध्ये दोष असतो. थंडपणी पांढरा धूर आणि दिवसभर ओढ कमी असेल तर टायमिंग (डिझेल फवारले जाण्याची वेळ) मागे गेलेले असू शकते. उलट इंजिन कडक ठोके देत असेल तर ते पुढे गेलेले असू शकते. चढावर काळा धूर येत असेल तर आधी एअर फिल्टर आणि नोझल पाहावेत.

हा लेख केवळ यांत्रिक रोटरी पंपासाठी आहे. ट्रॅक्ससारख्या गाड्यांत येणारा इन-लाइन पंप वेगळ्या रचनेचा असतो, तेथे टायमिंगची आणि एअर (नळ्यांत अडकलेली हवा) काढण्याची पद्धत वेगळी. कॉमन रेल गाड्यांत तर नोझलचे नट सैल करून पाहण्याचा प्रकार कधीही करू नये, कारण तेथील दाब हजार बारच्या वर जातो.

रात्री नेमके काय होते

रोटरी पंपाच्या पोटात पात्यांचा एक छोटा फीड पंप असतो. तो टाकीतून फिल्टरमार्गे डिझेल ओढतो आणि पंपाच्या शरीरात काही बारचा दाब निर्माण करतो. हा दाब वेगासोबत वाढतो आणि टायमिंग पुढे सरकवणारा पिस्टनही तोच हलवतो. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतची नळी ओढीखाली असते आणि पंपाचे शरीर दाबाखाली असते. या एका फरकावर पुढचे सगळे निदान अवलंबून आहे. ओढीच्या बाजूला जोड सैल असला तर बाहेर एक थेंबही गळत नाही. आत हवा जाते आणि बाहेरून सगळे कोरडे ठणठणीत दिसते. पंपाच्या शरीरावरची रिंग खराब असली तर इंजिन चालू असताना डिझेल पाझरते आणि इंजिन बंद झाल्यावर त्याच वाटेने हवा आत शिरते. टाकी पंपापेक्षा खाली असल्यामुळे हवेला वाट मिळाली की नळीतले डिझेल रात्रभरात हळूहळू टाकीत परत उतरते, आणि सकाळी सेल मारून आधी ती रिकामी नळी भरावी लागते.

जुन्या पंपांत हे वाढण्याचे एक कारण खुद्द इंधनात आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दहा लाखांत १० भाग इतके खाली आले आहे; बीएस-४ मध्ये ते ५० होते. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत इंधनाची इतर घडणही बदलते, आणि जुन्या इंधनाने फुगून बसलेल्या नायट्राइल रबराच्या रिंगा त्यामुळे आकसतात. वीस वर्षे कडक होत गेलेली रिंग जरा आकसली की पाझर सुरू होतो. पंपाचे वंगण डिझेलनेच होते, पण त्यासाठीचा गुणधर्म तेल कंपन्या मिश्रणातून राखतात. त्यामुळे चांगल्या पेट्रोल पंपावर भरलेले डिझेल असताना वेगळे तेल मिसळण्याची सवय मला आवश्यक वाटत नाही. रॉकेलची भेसळ मात्र खरोखर घातक आहे. ते पातळ असते, वंगण देत नाही, आणि प्लंजरची झीज भरून काढण्याचा कोणताही उपाय घरी नसतो.

बिनखर्चाच्या तपासण्या

पहिली तपासणी बॅटरीची. डिझेल इंजिनाला पेटण्यासाठी दाबलेल्या हवेची उष्णता लागते आणि ती उष्णता सेलच्या वेगावर अवलंबून असते. उभ्या गाडीत साधारण १२.६ व्होल्ट आणि सेल मारताना साडेनऊ व्होल्टच्या खाली न उतरणे, इतके मल्टिमीटरवर दिसले पाहिजे. त्यानंतर हीटर प्लग. या गाड्यांत डिझेल मुख्य ज्वलनकक्षात न जाता छोट्या पूर्वकक्षात फवारले जाते, आणि तो थंड कक्ष गरम करण्याचे काम हीटर प्लग करतो. प्लगांना जोडणारी पट्टी काढून प्रत्येकाचा रोध मोजावा. चांगला प्लग एका ओहमच्या आसपास दाखवतो आणि तुटलेला काहीच दाखवत नाही. चारपैकी दोन प्लग गेलेले असले तर थंडीत सुरू न होण्याचे आणि पांढऱ्या धुराचे कारण तेथेच संपते. रिले वीज देतो की नाही हेही पाहावे, कारण चारही प्लग चांगले आणि रिले मेलेला, असे पुष्कळदा आढळते.

दुसऱ्या तपासणीला एक पैसाही लागत नाही. गाडी एका रात्री तोंड उताराकडे करून उभी करावी आणि दुसऱ्या रात्री तोंड चढाकडे करून. उताराकडे तोंड असताना टाकी वर येते आणि डिझेल मागे उतरत नाही. त्या सकाळी गाडी पटकन सुरू झाली आणि चढाकडे तोंड असताना रडली, तर दोष हवेचाच आहे, हे पाना न उचलता कळते.

हवेचा माग

आता फिल्टर. खालच्या स्क्रूने पाणी काढावे, एलिमेंट जुने असल्यास बदलावे, आणि वरची व मधल्या बोल्टची रबरी रिंग न विसरता नवी घालावी. पावसाळ्यानंतर पाणी निघण्याचे प्रमाण वाढते; पाण्याने पंपातील पोलाद गंजते, म्हणून ते साठू देऊ नये. हाताने दाबायचा प्रायमर घट्ट होईपर्यंत दाबावा. तो कधीच घट्ट होत नसेल तर झडप किंवा पडदा गेलेला असतो, आणि फाटलेल्या पडद्यातून हवा शिरणे हे या दुखण्याच्या सर्वांत सामान्य कारणांपैकी एक आहे.

एवढ्याने उलगडा झाला नाही तर पंपाच्या आत जाणाऱ्या नळीचा शेवटचा वीतभर भाग काढून तेथे डिझेल सहन करणारी पारदर्शक नळी चांगल्या क्लिपांनी बसवावी. परतीच्या नळीवरही तसाच तुकडा घालावा. इंजिन चालू करून दिवसाउजेडी पाहावे. एअर काढल्यानंतर सुरुवातीला काही बुडबुडे दिसणे साहजिक आहे, पण दहा मिनिटांनंतरही आत जाणाऱ्या नळीत बारीक बुडबुड्यांची साखळी सरकत असेल तर दोष पंपाच्या आधी आहे: टाकीतील उचल नळीचा जोड, गंजलेली लोखंडी नळी, फिल्टरचे डोके, प्रायमर किंवा सैल क्लिप. आत जाणारे डिझेल स्वच्छ आणि परतीच्या नळीत मात्र सतत फेस असेल तर हवा पंपाच्याच एखाद्या रिंगेतून शिरत असण्याची शक्यता मोठी. याच वेळी नोझलांना एकमेकांशी जोडणाऱ्या बारीक विणीच्या परतीच्या नळ्या बोटांनी वाकवून पाहाव्यात; भेगा पडलेली नळी तेथेच दिसते आणि मीटरभर नवी नळी हा अगदी किरकोळ खर्च आहे.

दोष हवेचाच आहे की नाही याची खात्री वेगळ्या डब्याने होते. स्वच्छ, गाळलेल्या डिझेलचा डबा बॉनेटच्या पातळीवर, पंपापेक्षा वर, नीट बांधून ठेवावा आणि त्यातून थेट पंपाला नळी द्यावी. परतीची नळीही त्याच डब्यात सोडावी. टाकी, लांब नळी आणि फिल्टर असे सगळे वगळले जाते. रात्रभर अशी जोडणी ठेवून सकाळी गाडी एका झटक्यात सुरू झाली तर हवा कोठून तरी शिरत होती हे नक्की होते, कारण डबा वर असल्याने डिझेल मागे उतरू शकत नाही. डबा असूनही त्रास तसाच राहिला तर सोलेनॉइड (डिझेलची वाट उघडणारी विजेवरची झडप), नोझल, टायमिंग किंवा पंप यांकडे वळावे. डबा गरम भागांपासून आणि बॅटरीच्या तारांपासून दूर ठेवावा आणि अशी गाडी रस्त्यावर नेऊ नये.

काही जण पंपाआधी एकेरी झडप बसवून काम भागवतात. डिझेल मागे उतरणे थांबते हे खरे, पण मूळ भेग तशीच राहते आणि झडपेच्या अडथळ्याने फीड पंपावरची ओढ वाढते. हा उपाय मी करत नाही.

पंपावरचे सुटे भाग

पंपाला हात लावण्याआधी तो धुऊन घ्यावा. डिझेल आणि ब्रशने सगळी माती काढून, पुसून, कोरडा करावा. वाळूचा एक कण आत गेला तर प्लंजरवर कायमचा ओरखडा पडतो. उघडलेले प्रत्येक तोंड स्वच्छ टोपीने लगेच झाकावे.

बंद करण्याचा सोलेनॉइड हेडच्या वरच्या बाजूला असतो. वीज मिळाली की तो डिझेलची वाट उघडतो. किल्ली चालू करताना टक् असा आवाज आला पाहिजे. आवाज येत नसेल तर तारेवर १२ व्होल्ट आहेत का ते पाहावे, आणि सेल मारत असतानाही ते टिकतात का तेही पाहावे. किल्ली सोडल्यावरच पकडणाऱ्या गाडीचा दोष येथेच उघडा पडतो. वीज असूनही आवाज नसेल तर सोलेनॉइड बदलावा. तो सैल करताना आतला छोटा प्लंजर आणि स्प्रिंग निसटून खाली पडतात, म्हणून खाली कापड धरावे, आणि बसवताना नवी रिंग घालावी. अडचणीत सापडलेले लोक आतला प्लंजर काढून गाडी चालवतात. तसे केल्यास किल्लीने इंजिन बंद होत नाही, ब्रेक दाबून वरच्या गिअरमध्येच ते बंद पाडावे लागते, तेव्हा घरापर्यंत पोचण्यापलीकडे या युक्तीचा उपयोग करू नये.

नळ्या पंपाला जोडणारे दोन बँजो बोल्ट (ज्यांच्या आतून डिझेल वाहते असे पोकळ बोल्ट) दिसायला सारखे असतात आणि येथे होणारी गफलत मी पुन्हा पुन्हा पाहतो. परतीच्या बोल्टच्या डोक्यावर ‘आउट’ असे इंग्रजी अक्षरांत कोरलेले असते आणि त्याच्या आत जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे छिद्र असते. ते छिद्र परतीचा प्रवाह अडवते आणि त्यामुळे पंपाच्या पोटात दाब टिकतो. दोन बोल्ट आपसांत बदलले गेले तर आत येणाऱ्या डिझेलची वाट सुईएवढी होते आणि परतीची वाट मोकळी होते. गाडी सुरू होत नाही किंवा सुरू झाली तरी वेग घेत नाही. दुसऱ्या कोणी पंप उघडला होता अशी गाडी समोर आली की आधी या कोरलेल्या अक्षरांवर टॉर्चचा प्रकाश टाकावा. छिद्रात कचरा अडकला असेल तर तार न घालता हवेने फुंकून काढावा. प्रत्येक बँजोला दोन्ही बाजूंनी तांब्याचे नवे वायसर लागतात.

मग पाझर शोधावा. इंजिन चालू ठेवून चार जागा पाहाव्यात: वरच्या झाकणाचे गॅस्केट, अॅक्सिलरेटर लिव्हरचा दांडा, हेड आणि शरीर यांमधली फट, आणि पुढचे ऑइल सील. कोरड्या पंपावर खडूची पूड मारली की ओली रेष लगेच उमटते. लिव्हर हाताने हलवताना दांड्याभोवती ओल येत असेल तर तेथील रिंग गेली. ही रिंग बदलण्यासाठी वरचे झाकण उचलावे लागते आणि झाकणाला आतून गव्हर्नरची स्प्रिंग अडकवलेली असते. ती चुकीची अडकली तर इंजिनाचा वेग आवरत नाही, म्हणून हे काम गाडीवरच होत असले तरी ते पंपाचे काम जाणणाऱ्याकडूनच करून घ्यावे. पुढच्या सीलमधून डिझेल येत असेल आणि पंप टायमिंग बेल्टवर फिरत असेल तर गाडी चालवणे त्याच दिवशी थांबवावे. डिझेलने बेल्टचे रबर मऊ होते, आणि बेल्ट तुटला तर व्हॉल्व पिस्टनवर आदळतात.

समायोजनाच्या स्क्रूंविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. आयडलचा स्क्रू गरम इंजिनावर पाव-पाव फेऱ्याने फिरवायला हरकत नाही. कोल्ड स्टार्टच्या लिव्हरची केबल ज्या गाड्यांत असते तेथे ती पूर्ण ओढली जाते आणि पूर्ण सैल होते याची खात्री करावी. हेडजवळचा, लॉक नटने आवळलेला फुल लोडचा स्क्रू आणि सीलबंद कमाल वेगाचा स्क्रू यांना हात लावू नये. फुल लोडचा स्क्रू आत घेतला की गाडी सकाळी थोडी लवकर सुरू होते, म्हणून तो फिरवण्याचा मोह होतो. पण त्यासोबत आयडल चढते, काळा धूर येतो, पिस्टनची उष्णता वाढते आणि मूळ दोष झाकला जातो.

नोझल आणि टायमिंग

नोझल काढून टेस्टिंगच्या दुकानात नेणे हे पंप उतरवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. या प्रकारच्या इंजिनांत नोझल साधारण १२० ते १५० बारच्या दरम्यान उघडतो. नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तिकेतून घ्यावा. फवारा धुक्यासारखा हवा आणि टोकाला थेंब लोंबता कामा नये. नोझलखालचे वायसर नवे आणि योग्य बाजूने बसवावे.

चालू इंजिनाच्या नळीतून गळती आहे का हे हाताने चाचपून कधीही पाहू नये. शेकडो बारच्या दाबाने निघालेला डिझेलचा धागा कातडीतून आत घुसतो, जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते आणि बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. असे झाल्यास दुखत नसले तरी लगेच रुग्णालयात जाऊन दाबाने डिझेल आत गेले आहे असे सांगावे. गळती पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधावी.

टायमिंग तपासायला डायल गेज आणि त्याचा अडॅप्टर लागतो. पहिले सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाला आणावे, कोल्ड स्टार्टचा लिव्हर सुटा असल्याची खात्री करावी, कारण तो ओढलेला राहिला तर माप खोटे येते. हेडवर चार नळ्यांच्या मधोमध असलेला प्लग काढून तेथे गेज बसवावे. इंजिन उलट फिरवत काटा सर्वांत खाली स्थिरावेल तेथे शून्य करावे, मग सरळ दिशेने हळू फिरवत टोकाच्या खुणेपर्यंत आणावे आणि प्लंजर किती उचलला ते वाचावे. लहान इंजिनांत हा आकडा एका मिलिमीटरच्या आतबाहेर असतो आणि त्यात दशांशांचा फरकही जाणवतो, त्यामुळे पुस्तिकेतील आकडा हाती नसताना पंप हलवू नये. पंपाचे बोल्ट आणि नळ्यांचे नट सैल करून शरीर दांड्याच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेला वळवले की टायमिंग पुढे जाते. हलवण्याआधी फ्लँजवर आणि इंजिनाच्या भागावर मिळून धारदार टोकाने एकच बारीक रेघ ओढावी. मूळ जागा तिच्यामुळे हरवत नाही.

कोठे थांबावे

डायल गेज नसेल, तर टायमिंगपाशी थांबावे. बेल्ट उतरवण्याचा अनुभव नसेल, तर पंप उतरवू नये; त्यासाठी चाके पिनांनी जागेवर अडकवावी लागतात, पंपाचे चाक निमुळत्या दांड्यावर धातूच्या छोट्या खिटीने बसलेले असते आणि ते पुलरनेच निघते. दांड्यावर हातोडी मारली की आतले पाते आणि रोलर दुखावतात. फिल्टरमध्ये किंवा पंपाच्या आत येणाऱ्या जाळीत चकाकणारी धातूची पूड दिसली, तर पुढची कोणतीही तपासणी न करता पंप बेंचवर (पंप यंत्रावर फिरवून तपासणाऱ्या दुकानात) पाठवावा आणि टाकी व नळ्या धुऊन घ्याव्यात. गरमपणी न सुरू होणाऱ्या गाडीचे इंजिन बंद असताना पंपाच्या हेडवर ओले फडके ठेवून पाच-दहा मिनिटांनी ती सुरू झाली, तर हेड-प्लंजरची झीज जवळपास नक्की झाली. हेही बेंचचे काम. तापलेल्या पंपावर थंड पाणी ओतू नये, प्लंजर अडकतो. स्टार्टिंगचा स्प्रे हीटर प्लग असलेल्या इंजिनात मारू नये, त्याने पिस्टन आणि पिस्टनच्या रिंगा फुटतात.

बेंच निवडताना तेथे वेगवेगळ्या वेगांना मोजलेल्या प्रमाणाचा तक्ता देतात का ते विचारावे. जुन्या पंपांवर मायकोची पाटी असते. १९५१ साली सुरू झालेली ही बंगळूरची कंपनी २००८ पासून बॉश लिमिटेड या नावाने ओळखली जाते, आणि तिच्या नाशिकच्या कारखान्यात नोझल व इंजेक्टर बनत आले आहेत. पाटीवरचा पूर्ण क्रमांक उतरवून घ्यावा, कारण रिंगांचा संच आणि बेंचवरचे आकडे त्या क्रमांकावरून ठरतात. नायट्राइलऐवजी व्हिटॉनच्या रिंगा मागाव्यात.

पंप परत बसवल्यावर प्रायमरने तो भरावा, दोन नोझलांचे नट फेराभर सैल करून दहा-पंधरा सेकंदांच्या टप्प्यांनी सेल मारावा, डिझेल येताच नट आवळावेत. गाडी ढकलून सुरू करू नये. बेल्टचा दात सरकू शकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली लावण्याआधी पारदर्शक नळीत पाहावे. ती काठोकाठ भरलेली असेल तर गाडी सुरू करून, एकदा गरम करून, सगळे बँजो पुन्हा तपासावेत आणि पारदर्शक तुकडे काढून त्यांच्या जागी नवी रबरी नळी नव्या क्लिपांसह बसवावी.